भीड आणि बर्फ: कल्याणच्या आनंदीबाईंच्या वाटेवरून

फेब्रुवारी संपत आला की डोंबिवलीतील माझ्या दवाखान्यात एक निराळी गर्दी सुरू होते. मुलाकडे किंवा मुलीकडे परदेशी निघालेले आजी-आजोबा रक्तदाब तपासून घेण्यासाठी, सहा महिन्यांच्या औषधांची चिठ्ठी लिहून घेण्यासाठी आणि मनातील शंका विचारण्यासाठी येतात. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात आता अशी इमारत विरळाच, जिच्यातील एखादे तरी घर न्यू जर्सी, टेक्सास, लंडन किंवा सिडनीशी जोडलेले नाही. त्यांचे प्रश्नही बहुधा ठरलेले असतात. मेतकूट आणि गोडा मसाला नेता येईल का? थंडी सोसेल का? विमानात पाय सुजतात, त्याचे काय करायचे?

हीच मंडळी परत येतात तेव्हा त्यांच्याजवळ गमतींचा साठा असतो. तिथे म्हणे नळाचे पाणी थेट पितात. शेजारी आधी कळविल्याशिवाय दारात येत नाही. भर दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही. फोडणी घातली की छतावरचा भोंगा किंचाळू लागतो. ऐकणाऱ्यांची करमणूक होते आणि त्यात काही गैर नाही. परंतु वैद्यकीय व्यवसायातील इतक्या वर्षांत मला एक गोष्ट जाणवली आहे. परदेशातील रीतिभातींचे हे फरक केवळ गमतीपुरते राहत नाहीत. वयस्कर शरीराला त्यांची किंमत मोजावी लागते. ती किंमत थंडी आणि आहार यांच्यामुळे वाढते हे आपण जाणतो. आपल्या भिडस्तपणामुळे ती किती वाढते, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो.

या विषयाकडे पाहताना मला आमच्या शेजारच्या कल्याणचीच एक मुलगी आठवते. आज सोळा तासांत होणारा प्रवास तिने सुमारे दोन महिन्यांत केला होता.

कल्याणची यमुना

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी धावली आणि १ मे १८५४ पासून ती कल्याणपर्यंत येऊ लागली. त्यानंतर अकरा वर्षांनी, ३१ मार्च १८६५ रोजी, कल्याणच्या जोशी घराण्यात यमुनेचा जन्म झाला. वयाच्या नवव्या वर्षी टपालखात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांच्याशी तिचे लग्न झाले आणि यमुनेची आनंदी झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. त्याला वेळेवर वैद्यकीय मदत मिळू शकली नाही आणि या दुःखातूनच डॉक्टर होण्याचा तिचा निश्चय आकाराला आला, असे तिची चरित्रे सांगतात.

फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला पाठविलेल्या पत्रात आनंदीबाईंनी आपला हेतू स्पष्ट केला होता. पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशातील स्त्रियांना खरी वैद्यकीय मदत मिळावी, यासाठी त्यांना शिकायचे होते. म्हणजे ज्या व्याधीवर उपाय शोधण्यासाठी ही मुलगी समुद्र ओलांडून निघाली, तिच्या मुळाशी संकोच होता. दुखणे आहे, उपायही कदाचित आहे, पण सांगायचे कसे आणि कोणाला, हा प्रश्न. एकशे चाळीस वर्षांनंतरही तो माझ्या दवाखान्यातील खुर्चीवर येऊन बसतो.

त्या काळी समुद्रगमन हे धर्मबाह्य मानले जात असे. एकट्या स्त्रीने जाणे तर कल्पनेपलीकडचे होते. निघण्यापूर्वी १८८३ साली सेरामपूर येथे त्यांनी भाषण केले आणि आपण हिंदू म्हणून जाणार व हिंदू म्हणूनच परतणार, असे सांगितले. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून त्यांची बोट निघाली. पती सोबत नव्हते. मिशनशी संबंधित परक्या स्त्रियांची सोबत होती. ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा त्यांचे वय अठरा होते.

बोटीच्या प्रवासाचा एक लाभ आजच्या विमानाला नाही. जहाज पश्चिमेकडे सरकत असताना घड्याळ रोज थोडे थोडे मागे जाई आणि शरीर त्याच्या मागोमाग चालत राही. आज मुंबईत रात्री विमानात बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कला उतरतो, तेव्हा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक एकदम अंगावर येतो. शरीराचे घड्याळ ढोबळमानाने दिवसाला एखादा तास या वेगाने जुळते. म्हणून पहिले आठ-दहा दिवस भलत्या वेळी झोप येणे, पहाटे तीनला भूक लागणे, पोट साफ न होणे हे स्वाभाविक आहे. या काळात दिवसा उजेडात थोडे चालावे, दुपारची झोप आवरती घ्यावी आणि एकट्याने जिना चढ-उतार करताना जपावे. मधुमेहाच्या, विशेषतः इन्सुलिनच्या, वेळा कशा बदलायच्या हे मात्र निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. विमानात बसून अंदाज बांधू नये.

रोझेलची मावशी

न्यूयॉर्कच्या धक्क्यावर आनंदीबाईंना उतरवून घ्यायला थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई आल्या होत्या. दोघींची ओळख केवळ पत्रांतून झाली होती. गोपाळरावांनी एका मिशनऱ्याला लिहिलेले पत्र अमेरिकेतील नियतकालिकात छापून आले होते. दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेल्या कार्पेंटरबाईंच्या हाती तो अंक पडला आणि त्यांनी या अनोळखी मुलीला पत्र लिहिले. पुढे आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. न्यू जर्सी राज्यातील रोझेल या गावी मावशींच्या घरी त्यांचा पहिला उन्हाळा गेला.

माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत राहते. तिच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा एका दुपारी मी मुद्दाम रोझेल पाहून आले. आज ते साधे, शांत उपनगर आहे. घरांना कुंपणाच्या भिंती नाहीत. हिरवळ थेट रस्त्याला भिडते. दोन घरांमध्ये आपल्याकडील एक वाडा मावेल एवढे अंतर. या गावाचे एक वैशिष्ट्य म्हणजे १९ जानेवारी १८८३ रोजी थॉमस एडिसन यांनी खांबांवरून तारा नेऊन येथे विजेचे दिवे लावले. ही पद्धत जगात प्रथम याच गावात वापरली गेली. आनंदीबाई तेथे पोहोचल्या तेव्हा त्या दिव्यांना पाच महिनेही झाले नव्हते. दिव्या-समईच्या उजेडात वाढलेल्या मुलीला ते दिवे पाहून काय वाटले असेल, अशी कल्पना करीत मी त्या रस्त्याने चालले. पाऊण तासात मला दोनच माणसे भेटली. दोघांनीही हसून अभिवादन केले आणि दोघेही थांबले नाहीत.

संध्याकाळी फडके रोडवरून चालणाऱ्याला गर्दीचा त्रास होतो. परंतु त्या गर्दीतच चार ओळखीचे चेहरे भेटतात, कोणी तब्येत विचारतो, भाजीवाली गेल्या आठवड्यात का आला नाहीत म्हणते. ही विचारपूस आपल्याला औषधासारखी मिळत असते आणि मिळते आहे हे कळतही नाही. परदेशातील त्या नीटनेटक्या शांततेत तिसऱ्या आठवड्यापासून ज्येष्ठांना झोप न लागणे, अन्नावरची वासना जाणे, उगाच डोळे भरून येणे असे प्रकार का सुरू होतात, हे मला त्या दुपारी नीट उमगले. हा मनाचा दुबळेपणा नव्हे. रोज मिळणारी एक गोष्ट एकाएकी बंद झाल्याचा तो परिणाम असतो. दिवसातून एक ठरावीक फेरी, आठवड्यातून एकदा समवयस्कांची भेट आणि डोंबिवलीतील मित्र-मैत्रिणींशी ठरलेल्या वेळी बोलणे, ही तिन्ही पथ्यासारखी पाळावीत.

एकदाच विचारणारा देश

पहिल्या परदेशप्रवासात मला सर्वांत मोठा फरक जाणवला तो आग्रहाच्या बाबतीत. आपल्याकडे चहा हवा का या प्रश्नाला पहिले उत्तर 'नको' असते. ते खरे उत्तर नव्हे, हे विचारणाऱ्याला ठाऊक असते. दुसऱ्यांदा विचारले जाते, तिसऱ्यांदा 'घ्या हो, अर्धा तरी' म्हटले जाते आणि मग चहा येतो. तेथे यजमान एकदाच विचारतो. तुम्ही नको म्हणालात की तो तुमच्या शब्दाचा मान राखून स्वतःपुरता चहा करून घेतो. त्यात अनादर नसतो. दुसऱ्यावर आपली इच्छा लादू नये हाच त्यांचा शिष्टाचार असतो. चहाच्या बाबतीत फार तर एक वेळ तल्लफ मारावी लागते. परंतु तेथे वाढलेली नातवंडे आणि तेथे रुळलेले मुलगे-सुना यांनाही ही सवय लागलेली असते. आजी 'काही नको, मला बरं आहे' म्हणाली की ते त्यावर विश्वास ठेवतात.

दुसरा फरक 'हाऊ आर यू' या प्रश्नाचा. दुकानातील मुलगी, ग्रंथालयातील बाई, टपाल टाकणारा, सगळे हाच प्रश्न विचारतात. आपले आजोबा पहिल्या आठवड्यात मनापासून सांगू लागतात की गुडघा दुखतो आहे, झोप नीट लागत नाही. समोरचा गोंधळतो. मग मुलगा समजावतो की, बाबा, ते विचारत नाहीत, तो त्यांचा नमस्कार आहे, तुम्ही फक्त 'फाइन' म्हणा. आजोबा महिनाभरात ते पक्के शिकतात.

माझ्या एका रुग्णाच्या बाबतीत हे शिक्षण महाग पडणार होते. निवृत्त गृहस्थ, रक्तदाब आणि हृदयाचे जुने दुखणे. मुलाकडे गेल्यावर दोन महिन्यांनी त्यांना जिना चढताना धाप लागू लागली. रात्री दोन उशा घ्याव्या लागत. घरात बोलले नाहीत, कारण मुलाच्या कामाचे दिवस होते. शेवटी सुनेला त्यांच्या पायांवर मोजे रुतलेले दिसले आणि ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. परिचारिकेने विचारले, हाऊ आर यू फीलिंग टुडे? सवयीने ते म्हणाले, फाइन, थँक यू. या वेळी मात्र तो नमस्कार नव्हता, खरा प्रश्न होता. सुनेने पुढे होऊन सांगितले म्हणून हृदयावरचा ताण वेळीच लक्षात आला आणि औषधांनी आठवडाभरात सूज उतरली. परत आल्यावर हसत हसत त्यांनी मला ही हकीकत सांगितली. 'भीड भिकेची बहीण' ही आपली म्हण पैशापुरती नाही, प्रकृतीलाही ती लागू पडते.

फिलाडेल्फियाचा हिवाळा

१८८३ च्या शरद ऋतूत आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयात दाखल झाल्या. १८५० साली स्थापन झालेली ती संस्था स्त्रियांना वैद्यकीय पदवी देणाऱ्या जगातील पहिल्या संस्थांपैकी एक होय. तेथील अधिष्ठात्या रेचल बॉडली यांनी त्यांना आपुलकीने वागवले. तेव्हाचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. १० ऑक्टोबर १८८५ रोजी काढलेल्या त्या चित्रात आनंदीबाईंच्या शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली बसल्या आहेत. तिघीही आपापल्या देशीच्या वेशात आहेत. त्यांच्या अंगावरील साडीकडे मी कौतुकाने पाहते, आणि डॉक्टर म्हणून मला त्या शहरातला हिवाळाही दिसतो.

वेशाच्या बाबतीत आनंदीबाई आंधळ्या हट्टी नव्हत्या. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, म्हणून त्या पाय झाकणाऱ्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या, असे त्यांच्या चरित्रांतून कळते. आपले न सोडता परक्या हवेशी कसे जुळवावे, याचे हे समंजस उदाहरण आहे. आजच्या आजींनी साडी सोडावी असे मी कधीच सांगत नाही. साडीखाली ऊबदार पायजमा, पायांत लोकरी मोजे, डोक्याला टोपी आणि एका जाड कपड्याऐवजी दोन-तीन पातळ थर, एवढे पुरते. वयानुसार थंडीची जाणीव बोथट होते, म्हणून 'मला नाही वाजत' या उत्तरावर घरच्यांनी फार विसंबू नये. उबवलेल्या घरांतील हवा कोरडी असते. तहान लागत नाही, पण पाणी कमी पडते, त्वचा फुटते, मलावरोध होतो. बर्फ पडून गेल्यावर रस्त्यावर काचेसारखा पारदर्शक थर उरतो, तो पडलेल्या बर्फापेक्षा घातक. त्या दिवशी फेरी घरातच मारावी.

आनंदीबाईंची प्रकृती मुळात नाजूक होती. कलकत्त्यास असतानाच डोकेदुखी, अशक्तपणा, मधूनमधून ताप आणि धाप अशा तक्रारी सुरू झाल्या होत्या. मावशींनी अमेरिकेतून औषधे पाठवूनही फरक पडला नव्हता. तशा शरीरावर परदेशातील थंडी, अपरिचित आहार आणि अभ्यासाचा ताण आला आणि क्षयाने त्यांना ग्रासले. तरीही ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी मिळवली. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांच्यासाठी ठरली होती. त्या वर्षाच्या अखेरीस त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये, म्हणजे त्या निघण्याच्या वर्षभर आधी, जाहीर केला होता. त्यावरचे पहिले प्रभावी औषध स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली सापडले, तेही न्यू जर्सी राज्यातीलच रटगर्स विद्यापीठात. ज्या राज्यात आनंदीबाईंनी पहिला उन्हाळा घालवला, तेथेच त्यांच्या रोगावरचा उपाय साठ वर्षांनी जन्माला आला. आज आपल्यापाशी क्षय, रक्तदाब, मधुमेह या सर्वांवर औषधे आहेत. उणीव असते ती वेळेवर सांगण्याची.

घरातले लहान फरक

परदेशी घरातील काही गोष्टी आपल्या ज्येष्ठांना अवघड वाटतात आणि लाजेपोटी बोलल्या जात नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या एका आजींनी तेथे असताना संध्याकाळनंतर पाणी पिणेच बंद केले होते. कारण साधे होते. शौचालय मुलाच्या खोलीला लागून होते आणि रात्री पाण्याच्या आवाजाने सर्वांची झोप मोडेल अशी त्यांना भीती वाटे. परिणामी मूत्रमार्गाचा संसर्ग, ताप आणि दोन दिवस बरळणे. वृद्धांमध्ये अशा संसर्गाचे पहिले लक्षण जळजळ नसून गोंधळलेपण असू शकते, हे घरच्यांनी लक्षात ठेवावे. आजींच्या खाटेपासून शौचालयापर्यंत एक मंद दिवा आणि 'आवाजाने कोणी उठत नाही' असे एक वाक्य, एवढाच त्यावरचा प्रतिबंध होता.

न्हाणीघर हे दुसरे ठिकाण. तेथे आंघोळ टबात उभे राहून करावी लागते आणि बाहेरची जमीन कोरडी ठेवायची असते. बादली-तांब्याची सवय असलेल्या व्यक्तीला टबाची उंच कड ओलांडताना तोल सांभाळावा लागतो. भिंतीला घट्ट बसवलेली दांडी, टबात न घसरणारी चटई आणि बसण्यासाठी प्लास्टिकची खुर्ची, या गोष्टी आई-वडील येण्यापूर्वीच आणून ठेवाव्यात. शौचालयात पाण्याची सोय नसते, तीही करून ठेवावी. हे मागायला आईला लाज वाटते.

फोडणीच्या धुराने वाजणारा भोंगा आगीपासून जीव वाचवण्यासाठी असतो. तो काढून ठेवू नये. धूर ओढणारा पंखा लावून, खिडकी किलकिली करून फोडणी द्यावी. आवाजाने घाबरून आजी स्वयंपाकघरात जाणे सोडून देते, हा त्यातला खरा तोटा. ज्या हाताने चाळीस वर्षे घर जेवू घातले, त्या हाताला काम उरत नाही आणि ती स्वतःला पाहुणी समजू लागते.

रस्ता ओलांडताना सावध असावे. अमेरिकेत वाहने उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे पहिली गाडी आपल्या डावीकडून येते. आपली मान मात्र सवयीने आधी उजवीकडे वळते.

दवाखान्यातील शिष्टाचार

तेथील डॉक्टर नातेवाइकांशी नव्हे, थेट रुग्णाशी बोलतो. आपल्याकडे वडिलांचा आजार मुलाला बाजूला घेऊन सांगण्याची पद्धत आहे. तेथे मुलाला खोलीबाहेर थांबायलाही सांगितले जाते. दारू किती पिता, घरी सुरक्षित वाटते का, मन उदास असते का, असे प्रश्न प्रत्येकाला विचारले जातात. त्यात संशय नसतो, तो तपासणीचा भाग असतो. एकादशी करणाऱ्या आजींना पहिल्या प्रश्नाचा राग येतो, आणि तिसऱ्या प्रश्नाला त्या 'छे, छे' म्हणून मोकळ्या होतात. माझी विनंती अशी की त्या तिसऱ्या प्रश्नाला खरे उत्तर द्यावे. इंग्रजी येत नसेल तर दुभाषी मागता येतो. नातवाकडून भाषांतर करून घेऊ नये. आजी नातवासमोर मोकळे बोलत नाही.

औषधांची नावेही परकी होतात. आपले पॅरासिटामॉल अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन म्हणून ओळखले जाते. दमेकऱ्यांचे साल्ब्युटामॉल तेथे अल्ब्युटेरॉल होते. घरून आणलेली तापाची गोळी आणि तेथील तापाची गोळी ही दोन वेगळी औषधे समजून एकाच वेळी घेतली, तर मात्रा दुप्पट होऊन यकृताला अपाय होतो. ब्रिटनमध्ये रक्तातील साखर वेगळ्या एककात मोजतात. आपल्या आकड्याला १८ ने भागले की त्यांचा आकडा येतो. आपली १२६ म्हणजे त्यांची ७. सात हा आकडा पाहून साखर घसरली म्हणून घाबरून गूळ खाणारे आजोबा मला ठाऊक आहेत.

आणखी एक गोष्ट हळुवारपणे सांगायला हवी. डॉलरचे रुपये करीत बसण्याची सवय ज्येष्ठांना सुटत नाही. मुक्काम लांबला, घरून आणलेल्या गोळ्या संपत आल्या की काही जण एक दिवसाआड गोळी घेऊ लागतात, कारण मुलाला खर्च नको. रक्तदाबाची गोळी अशी परस्पर तोडण्याने पक्षाघाताचा धोका वाढतो. त्याचा खर्च गोळ्यांच्या खर्चाशी तोलूनही पाहू नये.

पकीप्सीचा दगड

न्यूयॉर्कहून हडसन नदीच्या काठाकाठाने उत्तरेकडे जाणारी आगगाडी दोनेक तासांत पकीप्सी या गावी पोहोचते. आनंदीबाईंची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटर मावशींकडे पाठवली आणि मावशींनी ती तेथील दफनभूमीत, आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवली. दगडावर आनंदीबाईंचे नाव, त्यांची पदवी आणि १८६५ ते १८८७ ही वर्षे आहेत. शिक्षण घेण्यासाठी भारताबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाची नोंदही आहे. परक्या देशातील एका बाईने अनोळखी मुलीला आधी आपल्या घरात आणि मग आपल्या पूर्वजांच्या शेजारी जागा दिली.

आपण परदेशातील माणसांना अलिप्त म्हणतो, ते अगदीच खोटे नाही. तरीही पत्र लिहिण्याची पहिली पायरी मावशींनी चढली आणि मोकळेपणाने उत्तर देण्याची दुसरी आनंदीबाईंनी. आपल्या पत्रांतून त्या हिंदुस्थानातील चालीरीतींविषयी आणि स्वतःविषयी विस्ताराने लिहीत असत. न सांगता ओळखून घेणारी माणसे आपल्याला गावात मिळतात. परक्या देशात सांगावे लागते, आणि सांगितले की ऐकणारे भेटतात.

म्हणून परदेशी निघालेल्या ज्येष्ठांना माझे सांगणे थोडके आहे. आपल्या आजारांची, औषधांच्या मूळ नावांची आणि मात्रांची एक पानाची नोंद छापील अक्षरांत जवळ ठेवा. औषधे हातातल्या पिशवीत ठेवा, आणि विम्याच्या कागदात जुन्या आजारांविषयी काय लिहिले आहे ते निघण्यापूर्वी मुलाकडून वाचून घ्या. विमानात तासा-दीड तासाने उठून पाय मोकळे करा. अमेरिकेत तातडीची मदत ९११ वर, ब्रिटनमध्ये ९९९ वर आणि ऑस्ट्रेलियात ००० वर मिळते, तो आकडा फोनपाशी लिहून ठेवा. छातीत दडपण, एकाएकी धाप, बोलताना जीभ अडखळणे, हातापायातली शक्ती जाणे, यांपैकी काही झाल्यास मुलाची बैठक संपण्याची वाट पाहू नका.

आणि तेथील मुला-सुनांना, लेकी-जावयांना एवढेच सांगावेसे वाटते की आई-बाबा पहिल्यांदा 'नको' म्हणतील. ती आपली जुनी रीत आहे, आणि ती तुम्ही विसरला असाल तरी ते विसरलेले नाहीत. रविवारी सकाळी, घाई नसताना, त्यांच्या शेजारी बसा आणि झोप, भूक, पोट, श्वास आणि मन या पाचही गोष्टी एकेक करून विचारा. उत्तर 'बरं आहे' असे आले, तर थोडा वेळ थांबून पुन्हा एकदा विचारा.